कापूस भवनापासून न्हावाशेव्यापर्यंत: केंद्रातल्या खात्यांच्या फोडाफोडीची पार्श्वभूमी

सीबीडी बेलापूरच्या सेक्टर 10 मध्ये कापूस भवन आहे. भारतीय कापूस महामंडळाचं, म्हणजे सीसीआयचं, हे मुख्यालय. महामंडळ 1970 सालचं. ज्या वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या अखत्यारीत ते येतं, ते मंत्रालय 1985 सालचं. लेक आईहून पंधरा वर्षांनी थोरली. त्याआधी कापड हा विषय वाणिज्य खात्याकडे होता. खातं फुटलं, विषय उचलून नव्या घरी नेला, महामंडळ आहे तसंच राहिलं. जवळच्याच बेलापूर भवनात कोकण रेल्वेचं मुख्यालय आहे. रेल्वेचं मंत्रालय तरी कधी हललं नसेल असं वाटतं. पण सप्टेंबर 1985 ते ऑक्टोबर 1986 या काळात रेल्वे हा परिवहन मंत्रालयातला नुसता एक विभाग होता. कोकण रेल्वे महामंडळ 1990 चं, म्हणून त्याच्या कागदांत तो घोळ उतरला नाही इतकंच.

मुळात आपल्याकडे शब्दांपासूनच गोंधळ सुरू होतो. ठाण्यातला माणूस "उद्या मंत्रालयात काम आहे" म्हणतो तेव्हा त्याला मादाम कामा रोडवरची इमारत म्हणायची असते. राज्यात कारभाराचं एकक 'विभाग': नगरविकास विभाग, महसूल व वन विभाग. केंद्रात मंत्रालय म्हणजे मंत्र्याच्या हाताखालचं घर आणि विभाग म्हणजे सचिवाच्या ताब्यातली खोली. काही घरं एका खोलीची असतात, तर अर्थ मंत्रालयात सध्या सहा खोल्या आहेत. वर्तमानपत्रं या दोहोंना 'खातं'च म्हणतात आणि 'खातेवाटप'ही म्हणतात. खातेवाटप म्हणजे कोणत्या मंत्र्याकडे काय गेलं, एवढंच. इथे विषय आहे तो खात्यांचाच: ती कशी उभी राहतात, फुटतात आणि पुन्हा एकत्र येतात. हे समजून घेताना नजर विभागावर ठेवावी. मंत्रालयाची पाटी अनेकदा बदलते. विभाग बहुधा सचिव, कारकून आणि कपाटांसकट एका घरातून दुसऱ्या घरात जातो.

दोन परिशिष्टं

नवं मंत्रालय काढायला संसदेत विधेयक आणावं लागत नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद 77(3) नुसार कामकाजाची वाटणी करणारे नियम राष्ट्रपती करतात, अर्थात पंतप्रधानांच्या सल्ल्याने. सध्या लागू असलेले कामकाज वाटप नियम 14 जानेवारी 1961 चे. त्यांना दोन परिशिष्टं आहेत. पहिल्यात मंत्रालयं आणि विभाग यांची यादी, दुसऱ्यात प्रत्येक विभागाकडे कोणते विषय, कोणते कायदे आणि कोणत्या संस्था आहेत याची क्रमांकवार नोंद. मंत्रिमंडळ सचिवालय दुरुस्तीचा मसुदा करतं, राष्ट्रपतींची सही होते, असाधारण राजपत्रात अधिसूचना निघते आणि त्या दिवसापासून बदल लागू. 1961 पासून अशा साडेतीनशेहून अधिक दुरुस्त्या झाल्या आहेत.

बहुतेकांचं लक्ष पहिल्या परिशिष्टावर असतं, कारण बातमी तिथे असते. खरी सत्ता हलते ती दुसऱ्यात. 9 नोव्हेंबर 2020 ची दुरुस्ती बघा. नवं मंत्रालय नाही, नवा सचिव नाही. माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या विषयांत 22अ आणि 22ब अशा दोन नोंदी घातल्या गेल्या: ऑनलाइन पुरवठादारांचे चित्रपट व दृकश्राव्य कार्यक्रम आणि ऑनलाइन बातम्या. त्या दोन ओळींनी ओटीटी आणि डिजिटल बातम्यांचा सगळा कारभार कुठे जाणार हे ठरलं.

एवढ्या सहजतेने हे कसं चालतं, याचं उत्तर 1897 च्या साधारण वाक्यखंड अधिनियमात आहे. कायद्यात सहसा अमुक मंत्रालय असं लिहिलेलं नसतं, 'केंद्र सरकार' असं लिहिलेलं असतं आणि या अधिनियमानुसार त्याचा अर्थ राष्ट्रपती असा होतो. त्यामुळे मंत्रालय मोडलं तरी कायद्याच्या मजकुराला हात लावावा लागत नाही. अधिकार राष्ट्रपतींच्या नावे तिथेच असतो, तो वापरणारा हात बदलतो.

फाळणीचं मंत्रालय आणि काकासाहेबांचं खातं

15 ऑगस्ट 1947 च्या पहिल्या मंत्रिमंडळात काकासाहेब गाडगीळांकडे बांधकाम, खाणी आणि वीज असं एकत्र खातं होतं. आज तेच काम शोधायचं तर किमान चार दारं ठोठवावी लागतील: ऊर्जा, खाण, कोळसा आणि गृहनिर्माण व नगर व्यवहार. फुटण्याची ही रीत सर्वांत साधी. विषय वाढतो, सार्वजनिक कंपन्या उभ्या राहतात, एका सचिवाला पेलत नाही, मग वाटणी होते. कधीकधी मध्ये एकत्रीकरणाचा प्रयोगही होतो. 1974 साली ऊर्जा मंत्रालयात वीज आणि कोळसा एकत्र आले, 1992 मध्ये पुन्हा वेगळे झाले, आणि अपारंपरिक ऊर्जेचंही स्वतंत्र बिऱ्हाड झालं.

संकटातून जन्मलेली मंत्रालयं वेगळी. ती मुदतीची असतात, फक्त मुदत कुणी लिहून ठेवत नाही. मदत व पुनर्वसन मंत्रालय सप्टेंबर 1947 मध्ये निघालं, निर्वासितांचे लोंढे येऊ लागल्यावर. आपल्या ठाणे जिल्ह्यात त्याची खूण आजही दिसते. कल्याणजवळच्या युद्धकालीन लष्करी छावणीत सिंधी निर्वासितांना बराकी मिळाल्या आणि 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते उल्हासनगरची कोनशिला बसली. पुढे 1954 चा विस्थापितांच्या भरपाईचा व पुनर्वसनाचा कायदा आला. मंत्रालय आधी विभागावर आलं आणि अखेर गृह मंत्रालयातल्या एका शाखेत मुरलं. 1954 चा तो कायदा तर 2005 मध्ये रद्दही झाला. पण बराकींच्या जागांच्या सनदा, त्यावरचे नकाशे आणि वाद संपलेले नाहीत. उल्हासनगरात जागेची मालकी तपासताना आजही त्या बुडालेल्या मंत्रालयाच्या काळातला कागद काढावा लागतो.

सरदार पटेलांचं संस्थानांचं खातं याच जातीचं. जुलै 1947 मध्ये सुरू झालं, संस्थानं विलीन झाली, काम आटोपलं आणि 1955 च्या जानेवारीत ते गृह मंत्रालयात विलीन झालं. काम संपल्यावर खरोखर बंद झालेलं खातं म्हणून त्याचं कौतुकच करायला हवं. असं फार वेळा होत नाही.

उलट काही खाती जागची हलतच नाहीत. अणुऊर्जा विभाग 3 ऑगस्ट 1954 पासून थेट पंतप्रधानांकडे आहे आणि त्याचं मुख्यालय दिल्लीत नाही, मुंबईत आहे.

बंदराची गोष्ट: रस्ता आणि जहाज

फोडाफोडी आणि जोडाजोडीचा सर्वांत बोलका इतिहास न्हावाशेव्याच्या बंदराच्या मंत्रालयाचा आहे, म्हणून तो जरा सविस्तर.

जुलै 1942 मध्ये, युद्धाच्या धामधुमीत, दळणवळण विभागाचे दोन तुकडे झाले: टपालाचा विभाग आणि युद्ध परिवहन विभाग. दुसऱ्याकडे मोठी बंदरं, रस्ते व जलवाहतूक आणि पेट्रोलचं रेशनिंग अशी कामं आली. म्हणजे रस्ता आणि बंदर एका छताखाली आले ते सैन्याची रसद पोचवण्यासाठी; त्यामागे शांतताकाळातला काही विचार नव्हता. 1957 मध्ये हे काम परिवहन व दळणवळण मंत्रालयात गेलं. 1966 मध्ये विमान वाहतुकीशी जोडलं गेलं. 1967 च्या मार्चमध्ये पुन्हा तोडून एकीकडे जहाजवाहतूक व परिवहन आणि दुसरीकडे पर्यटन व नागरी विमान वाहतूक अशी वाटणी झाली.

25 सप्टेंबर 1985 चा प्रयोग सर्वांत मोठा. रेल्वे, विमान वाहतूक आणि भूपृष्ठ वाहतूक (म्हणजे रस्ते व जहाजं) हे तिन्ही विभाग एकाच परिवहन मंत्रालयात आणले गेले. कागदावर कल्पना उत्तम: माल बंदरातून निघतो, रेल्वेने जातो, शेवटी ट्रकवर चढतो, मग नियोजनही एकत्र का नको? जेमतेम तेरा महिन्यांनी, 22 ऑक्टोबर 1986 रोजी, हे घर मोडलं. कारण समजायला कठीण नाही. रेल्वेला तेव्हा स्वतंत्र अर्थसंकल्प होता, 1924 पासूनचा. तिचा कारभार रेल्वे बोर्ड चालवत होतं, अधिकारी आणि हिशेबाची पद्धत दोन्ही वेगळे. ज्या विभागाचा पैसा आणि माणसं वेगळ्या नळातून येतात, त्याला मंत्रालयाच्या पाटीने बांधता येत नाही. रेल्वेचा अर्थसंकल्प सर्वसाधारण अर्थसंकल्पात विलीन झाला तो थेट 2017-18 ला.

1986 च्या मोडणीतून भूपृष्ठ परिवहन मंत्रालय निघालं, आणि त्याच्याच अमलात 26 मे 1989 रोजी न्हावाशेव्याचं जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झालं. त्या दशकातल्या बंदराच्या करारांवर, भूसंपादनाच्या पत्रव्यवहारावर हेच नाव सापडतं. ऑक्टोबर 1999 मध्ये या मंत्रालयात दोन विभाग झाले, नोव्हेंबर 2000 मध्ये त्यांची दोन मंत्रालयं झाली, 2 ऑक्टोबर 2004 ला ती पुन्हा एक झाली आणि 2009 मध्ये पुन्हा वेगळी. दहा वर्षांत एवढ्या उड्या. नोव्हेंबर 2020 मध्ये जहाजवाहतूक मंत्रालयाच्या नावात बंदरं आणि जलमार्ग आले. जलमार्ग हा शब्द शोभेपुरता नाही: 2016 च्या कायद्याने देशातले राष्ट्रीय जलमार्ग 5 वरून 111 झाले आणि त्यांतला 53 क्रमांकाचा जलमार्ग आपलाच आहे, कल्याण-ठाणे-मुंबई, वसई खाडी आणि उल्हास नदी धरून 145 किलोमीटर. बंदराचंही नाव बदललं, पण ते मंत्रालयामुळे नाही. 2021 चा मोठ्या बंदरांच्या प्राधिकरणांचा कायदा लागू झाल्यावर 'ट्रस्ट'चं 'प्राधिकरण' झालं, जेएनपीटीचं जेएनपीए. मंत्रालयाचं नाव अधिसूचनेने बदलतं. कायद्याने जन्मलेल्या संस्थेला कायदाच लागतो.

गंमत म्हणजे मंत्रालयाच्या संकेतस्थळाच्या पत्त्यात अजून 'शिपमिन'च आहे.

एकत्र की वेगळं, या वादाचं खरं उत्तर बंदराच्या गेटवर मिळतं. समजा बाहेरून आलेला डाळीचा कंटेनर उतरला. धक्का बंदर मंत्रालयाचा. सीमाशुल्क अर्थ मंत्रालयाचं. आयात करता येते की नाही हे ठरवणारं परकी व्यापार महासंचालनालय वाणिज्यचं. कीड आहे का ते बघणारे वनस्पती संगरोधवाले कृषीचे. खाण्यायोग्य आहे का हे तपासणारं एफएसएसएआय आरोग्याचं. पाकिटावरचं वजन आणि छापील किंमत ग्राहक व्यवहारचं. मग पुढे रूळ रेल्वेचे, किंवा पूर्वी 4बी असलेला आणि आता 348 झालेला राष्ट्रीय महामार्ग रस्ते परिवहनचा. सात-आठ मंत्रालयं, एक पेटी. बंदर आणि रस्ता एका मंत्र्याकडे दिले तरी उरलेली सहा तिथेच आहेत. म्हणून अलीकडे जोर एकत्र मंत्रालयापेक्षा एकत्र संगणक प्रणालीवर आहे, आणि ते शहाणपणाचं आहे.

राजकारणाचा वाटा

1999 च्या ऑक्टोबरात मंत्रालयांचं पीकच आलं: माहिती तंत्रज्ञान, आदिवासी कार्य, लघुउद्योग. काही विषयांची खरोखर गरज होती. पण अनेक पक्षांचं सरकार आणि प्रत्येकाला मंत्रिपद, हेही कारण होतंच. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. लघुउद्योगाचं मंत्रालय 2001 मध्ये फुटून लघुउद्योग आणि कृषी व ग्रामीण उद्योग अशी दोन झाली, 2007 च्या मे महिन्यात पुन्हा एक होऊन सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग म्हणजे एमएसएमई झालं.

मग 2003 ची 91 वी घटनादुरुस्ती आली. पंतप्रधान धरून मंत्र्यांची संख्या लोकसभेच्या सदस्यसंख्येच्या 15 टक्क्यांवर जाणार नाही. 543 चे 15 टक्के म्हणजे 81. राज्यातही तोच नियम, म्हणून 288 आमदारांच्या महाराष्ट्रात कमाल 43. पण मर्यादा मंत्र्यांवर आहे, मंत्रालयांवर नाही, ही मेख लक्षात ठेवावी. त्यानंतरही नवी मंत्रालयं निघत राहिली: 2006 मध्ये अल्पसंख्याक कार्य, 2014 मध्ये आयुष आणि कौशल्य विकास, 6 जुलै 2021 ला सहकार. फक्त एका मंत्र्याच्या नावापुढे दोन-तीन खाती दिसू लागली.

या उलथापालथीचा माग वागळे इस्टेटमधल्या एखाद्या जुन्या कारखान्याच्या फायलीत अचूक लागतो. सगळ्यात खाली जिल्हा उद्योग केंद्राचं एसएसआय, म्हणजे लघुउद्योग, नोंदणीचं पत्र. त्यावर 2006 च्या एमएसएमई कायद्यानंतरचं उद्योजक ज्ञापन, भाग 2. मग 2015 चा उद्योग आधार. सर्वांत वर 1 जुलै 2020 पासूनची उद्यम नोंदणी. कारखाना तोच, लेथ तीच, कागद चार. अडचण येते ती इथे: उद्योग आधार 30 जून 2022 नंतर चालत नाही, तरी निविदेला तोच जोडला जातो आणि सवलत नाकारली जाते. जुन्या एसएसआय नोंदणीत मालकी भागीदारीची आणि उद्यममध्ये प्रायव्हेट लिमिटेडची असेल, तर बँक दोन्ही एकच उद्योग मानत नाही. पॅन बदललेला असतो. शिवाय वर्गवारीच्या मर्यादाही सरकल्या. 1 एप्रिल 2025 पासून सूक्ष्म उद्योगाची गुंतवणूक अडीच कोटी व उलाढाल 10 कोटींपर्यंत, लघुची 25 आणि 100 कोटींपर्यंत, मध्यमची 125 आणि 500 कोटींपर्यंत. जुनं प्रमाणपत्र 'लघु' म्हणतं म्हणून आजही लघुच, असं धरून चालू नये.

पाटी बदलल्यानंतर

अधिसूचना एका दिवसात निघते. तिच्या मागची आवराआवर काही महिने चालते आणि सर्वांत जास्त अडतं ते पैशापाशी. संसद खर्च मंजूर करते तो मागणी क्रमांकाप्रमाणे, आणि एका मागणीतला पैसा दुसऱ्या मागणीत वळवता येत नाही. पुनर्विनियोजन, म्हणजे मंजूर पैसा एका बाबीवरून दुसरीवर वळवणं, मागणीच्या आतल्या आतच होतं. अख्खा विभाग त्याच्या मागणीसकट हलला तर सोपं. पण विभागाचा तुकडा काढला तर नव्या मंत्रालयाला पुरवणी मागणीची वाट बघावी लागते. सहकार मंत्रालय जुलै 2021 मध्ये निघालं, अर्थसंकल्प फेब्रुवारीत मांडून झाला होता आणि त्यात सहकार कृषीच्या पोटात होतं. वर्षाच्या मध्यात काढलेल्या प्रत्येक मंत्रालयाची हीच सुरुवात असते.

मग लोकसभेतली प्रश्नांच्या वारांची गटवारी, संसदेच्या स्थायी समितीचं कार्यक्षेत्र, वेतन व लेखा कार्यालय, शिक्के. जुन्या परिपत्रकांचे दुवे संकेतस्थळावरून गायब होतात, हा अलीकडचा खरा त्रास. मनुष्यबळ विकास मंत्रालय 2020 मध्ये पुन्हा शिक्षण मंत्रालय झालं, तेव्हा जुन्या पत्त्यावरचे कित्येक आदेश शोधून काढावे लागले. 1985 पूर्वी ते शिक्षण मंत्रालयच होतं, ही आणखी एक फेरी.

राजपत्रात शोध घेताना मराठी नाव टाकून काही सापडत नाही. केंद्राची राजभाषा हिंदी. तिथे बंदर हे 'पत्तन' असतं, जहाजवाहतूक 'पोत परिवहन', अर्थ 'वित्त' आणि वस्त्रोद्योग नुसतं 'वस्त्र'. वर्षानुसार मंत्रालयाचं त्या काळचं नावही माहीत असावं लागतं. ठाणे खाडीच्या काठावरच्या जमिनीचं उदाहरण घ्या. सागरी किनारा नियमन क्षेत्राची, म्हणजे सीआरझेडची, पहिली अधिसूचना 19 फेब्रुवारी 1991 ची, दुसरी 6 जानेवारी 2011 ची. दोन्ही पर्यावरण व वन मंत्रालयाच्या. तिसरी 18 जानेवारी 2019 ची, तोवर नावात हवामान बदल आला होता. आणि 1985 च्या आधीचा वनजमिनीचा केंद्राचा कागद हवा असेल तर पर्यावरणाच्या कपाटात शोधून उपयोग नाही, कारण तेव्हा वनं कृषी मंत्रालयात होती. खाडी तीच; 2022 मध्ये तिला रामसर दर्जाही, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा हा मानही, मिळाला.

माहिती अधिकाराचा अर्ज चुकीच्या मंत्रालयात गेला तर फारसं बिघडत नाही. कलम 6(3) नुसार तो पाच दिवसांत योग्य जागी पाठवायचा असतो. बंद झालेल्या खात्याची फाइल मागताना मात्र विषयासोबत वर्ष आणि तेव्हाचं नाव लिहावं, म्हणजे 'आमच्याकडे अभिलेख उपलब्ध नाही' या उत्तराची शक्यता कमी होते.

कोर्टात शिस्त वेगळी. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 79 नुसार दावा मंत्रालयावर होत नाही, 'भारत संघ' म्हणजे युनियन ऑफ इंडियावर होतो. त्याखालची 'सचिव, अमुक मंत्रालय यांच्यामार्फत' ही ओळ आजच्या नावाने लिहायची, दाव्याचं कारण भूपृष्ठ परिवहनच्या काळातलं असलं तरी. कलम 80 ची दोन महिन्यांची नोटीसही आज तो विषय ज्याच्याकडे आहे त्या सचिवाला. अपवाद रेल्वेचा. कळवा किंवा दिव्याच्या रुळांलगत हद्दीच्या भिंतीवरून वाद असेल, तर नोटीस दिल्लीला सचिवांकडे जात नाही. ती त्या रेल्वेच्या महाव्यवस्थापकांना, म्हणजे ठाण्यासाठी मध्य रेल्वेच्या, सीएसएमटीला द्यायची. रेल्वे 1985-86 मध्ये मंत्रालय होती की विभाग, याने त्या पत्त्यात काही फरक पडत नाही.